उचकी लागली तरी कढई माझीच

बोंडे तळून विकणाऱ्या बाईनं स्वतःचं पोट कापून लहान करून घेतलं, ही बातमी जामच्या चौकात पसरायला एक दुपार पुरली. पसरवली मीच. घरच्यांनी ठरवलं होतं की लोकांना पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन सांगायचं. मी म्हटलं, पोटाचं केलं तर पोटाचंच सांगू, आपण काही चोरी केली नाही. ऑपरेशनबद्दल लोक थोडे दिवस बोलले आणि विसरले. त्यानंतर मला ज्या उचक्या लागल्या, त्या मात्र चौकात अजून कोणी विसरलेलं नाही. म्हणून त्यांचंच लिहिते.

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याला जिथं वर्ध्याचा आणि चंद्रपूरचा रस्ता येऊन मिळतो, ते आमचं जाम. गाव लहान, चौक मोठा. नव्वदच्या सुमारास आम्ही तिथं नाश्त्याचं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन भट्ट्या आणि लाकडी बाकडी. गल्ल्यावर आमचे हे बसायचे आणि कढईपाशी मी. आलूबोंडा, मिरचीभजी, पोहे, हिवाळ्यात सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेव्हा कोणी इडलीशेजारचा सांबार समजू नये. आणि या सगळ्यावर घालायला तर्री. तर्री म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, वर लाल तेलाचा तवंग असलेला. आमच्या भागात हॉटेलाची अब्रू तर्रीवर असते. बोंडा थोडा गार निघाला तर गिऱ्हाईक चालवून घेतं. तर्री फिकी निघाली तर ते पुढच्या वेळी समोरच्या दुकानात दिसतं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तळणाचा धंदा म्हणजे हाताचा धंदा. खरं तर तो घाईचा धंदा आहे. बस चौकात उभी राहते तेव्हा सगळे प्रवासी एकदम उतरतात आणि सगळ्यांना एकदम गरम पाहिजे असतं. ड्रायव्हरचा चहा संपला की बस निघाली. म्हणून बोंडे आधी अर्धे तळून ठेवायचे आणि बस वळताना दिसली की दुसऱ्यांदा तेलात सोडायचे. या घाईत मी जेवायची कशी? एका हातात झारा, दुसऱ्या हातात बोंडा, दोन घासांत गिळला, वरून घटघट पाणी, की पुढचा घाणा. लग्न झाल्यापासून दुपारी पानावर बसून जेवल्याचं मला आठवत नाही. आणि तसं कोणी कधी बसवलंही नाही.

अंग वाढत गेलं. भट्टी आणि ओटा यांच्यामधून मी आडवी होऊन जायला लागले, मग आडवी होऊनही जाईना, तेव्हा ह्यांनी ओटा तोडून मागं सरकवला. गुडघे गेले. साखर लागली. झोपेत श्वास अडकायचा आणि हे मला हलवून जागं करायचे. गिऱ्हाइकांचा एक ठरलेला विनोद होता, की काकू विकते कमी आन् खाते जास्त. त्यावर सगळे हसायचे, मीही हसायची, आणि त्यांच्या बोंड्यावर तर्री घालायची. समुद्रपूरच्या दवाखान्यात काट्यावर उभी राहिले तर काटा शेवटाला जाऊन टेकला. डॉक्टर म्हणाले, नक्की वजन पाहिजे. मग ह्यांनी मला एका ओळखीच्या अडत्याकडं नेलं आणि सोयाबीनची पोती मोजतात त्या काट्यावर मी उभी राहिले. हमाल पाठ फिरवून उभे राहिले. त्यांनी पाठ फिरवली त्याचंच मला जास्त लागलं.

नागपूरच्या एका डॉक्टरांनी ऑपरेशनचं समजावलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा आणि केळ्याच्या आकाराची एक नळी ठेवायची. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हाती आले होते तेव्हाची ही गोष्ट. असलं ऑपरेशन आमच्या भागात कोणी ऐकलेलं नव्हतं. सगळ्यात मोठा विरोध माझ्या भासऱ्यांचा. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. शेजारीच त्यांचं किराणा दुकान, आणि चौकातली जागा दोघा भावांची सामाईक, म्हणून त्यांचा शब्द हॉटेलातही चालायचा. जुन्या रीतीप्रमाणं ते माझ्याशी समोरासमोर बोलत नसत. मी समोर उभी असताना ह्यांना म्हणाले, "सुधाकर, तिले सांग, तोंड आवरलं असतं तर पोट कापाची पाळी नसती आली."

ह्यांनी मान खाली घातली. मी आत जाऊन पिशवी भरली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पहिली उचकी लागली. उचकीसारखी क्षुल्लक गोष्ट, पण पोटावर टाके असताना तिचा प्रत्येक झटका आतून कोणी गाठ ओढल्यासारखा लागतो. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, कोणी आठवण काढत असंल. मी मनात चौकातल्या सगळ्यांची नावं घेऊन पाहिली. उचकी थांबली नाही. तिथली सिस्टर केरळची, मोठ्या हाडाची, आवाज करडा. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तर तिनं हातातून काढून घेतला. तिच्या हिंदीत तिनं मला जे सांगितलं, ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. पोटाच्या वर, छातीच्या खाली एक पडदा असतो. तुझं नवं पोट त्याला अगदी लागून आहे. पोट फुगलं, घाईनं गिळलं, हवा गेली, की पडदा चिडतो आणि उचकी देतो. चमच्याचमच्यानं पी. जेवताना पाणी नाही. उचकी आली की जेवण संपलं असं समज. मग ती खाली वाकली आणि हळू म्हणाली, "मम्मी, अकेली हिचकी से डरना नहीं. बुखार आया, धडकन भागी, बाएँ कंधे में दर्द हुआ, तो किसी से पूछना मत, सीधा इधर आना."

मला घरी सोडलं तेव्हा उचक्या अधूनमधून यायच्या आणि जायच्या. चौकातून रोज कोणी ना कोणी उपाय घेऊन यायचं. आमचे एक जुने गिऱ्हाईक होते, निवृत्त मास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. गुरुजींचा उपाय रोज नवा. एक दिवस मोरपिसाची राख मधात. एक दिवस नाक दाबून पाणी. एक दिवस त्यांनी मागून येऊन पाठीत जोरात थाप मारली, मी दचकावं म्हणून. टाके ताजे होते. मी दचकले नाही, पण ह्यांनी गुरुजींना हाताला धरून बाहेर नेलं. मी कोणाचं काही घेतलं नाही. साखर चघळ म्हणायचे, साखर चघळली नाही. घटाघटा पाणी पी म्हणायचे, पाणी प्यायले नाही. लोकांना राग येऊ लागला. फुकटचा उपाय न घेणारी बाई लोकांना गर्विष्ठ वाटते.

मग एका सकाळी उचकी लागली ती थांबेचना. चहाची वेळ झाली, जेवणाची वेळ झाली, तिचा ताल तुटला नाही. अंगात कणकण होती. दुपार व्हायच्या आत ताप चढला आणि डाव्या खांद्यात कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ सुरू झाली. खांद्याला काही लागलेलं नव्हतं. मी ह्यांना सिस्टरचं बोलणं सांगितलं. हे दादांना, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, विचारायला गेले.

भासऱ्यांनी एक जीप बोलावली. मला वाटलं, नागपूरला न्यायला. जीपमध्ये बसल्यावर कळलं की समुद्रपूरच्या पलीकडे एका खेड्यात एक म्हातारा राहतो, तो उचकी उतरवतो. भासऱ्यांची त्याच्यावर श्रद्धा होती आणि तिला कारणही होतं. त्यांच्या आईची उचकी म्हणे त्यानंच उतरवली होती. ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागं, माझ्या बाजूला हे. मला श्वास पुरा घेता येत नव्हता. प्रत्येक उचकीला खांद्यातली कळ मानेत जायची. जीप चौकात आली. खेड्याकडं जायचं तर एकीकडं वळावं लागतं, नागपूरला दुसरीकडं.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या नवऱ्याला मी नावं ठेवणार नाही. वडील गेल्यावर ज्यानं वाढवलं, त्या भावापुढं तोंड उघडायची सवय त्यांना कधी लागली नव्हती. पण मला मरायचं नव्हतं.

"दादाजी," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्याशी सरळ बोलत होते आणि मधे मधे उचकी माझं वाक्य तोडत होती. "मले त्या म्हाताऱ्याकडं जायचं नाई. माह्या पोटात आतमधी काही फुटलं आहे. मले नागपूरले जायचं आहे."

भासरे वळले नाहीत. ते ह्यांना म्हणाले, की तिला सांग, डॉक्टरनंच हे करून ठेवलं, आता पुन्हा त्याच्याच दारात काऊन जायचं.

मी ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला. तो रोज सकाळी आमच्याकडं बोंडा खाणारा माणूस. "भाऊ, गाडी नागपूरले घे. कोणी नाई म्हटलं तर मी इथंच उतरतो आन् ट्रकले हात देतो."

ड्रायव्हरनं भासऱ्यांकडं पाहिलं, मग आरशात माझ्याकडं पाहिलं, आणि नागपूरच्या रस्त्याला लागला.  वाटेत एका पेट्रोल पंपावर भासरे उतरले आणि समोरून येणाऱ्या बसनं परत गेले.

नागपूरला तपासलं तेव्हा कळलं, पोटाच्या शिवणीला वरच्या टोकाशी बारीक गळती होती. तिथून पाझरून पडद्याच्या खाली पू साठला होता आणि तोच पडद्याला टोचत होता. डॉक्टरांनी कुशीतून नळी घालून तो काढला. पू निघून गेला आणि उचकी थांबली. आवाज थांबल्यावर खोली किती मोठी वाटते, ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर ह्यांना म्हणाले, आणखी एक दिवस थांबला असता तर मी काही कबूल करू शकलो नसतो. मग तोंडानं काही घ्यायचं नाही, नाकातून नळी, त्यातून पातळ अन्न. कित्येक दिवस मी तशी पडून होते. जन्मभर दुसऱ्यांना खाऊ घालणाऱ्या बाईला कोणीतरी पिचकारीनं जेवण भरत होतं. त्या दिवसांत मी रडलेही. हे ऑपरेशन का केलं, असंही वाटलं. ते वाटणं लपवायचं कारण नाही. पण ते मी कोणाच्या तोंडून ऐकून घेणार नव्हते.

बरी होऊन आले तर कढईपाशी दुसराच माणूस उभा. भासऱ्यांनी हिंगणघाटचा एक आचारी ठेवला होता, धनराज नावाचा. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहून ह्यांना म्हणाले, की आता तिनं घरी आराम करावा. उचकी देत तळणारी बाई पाहून गिऱ्हाइकाला किळस येते. शिवाय चौकात बोलणं आहे, की तिला आतला मोठा आजार आहे आणि तो हातानं लागतो.

बोलणं होतं, ते खरं होतं. बाकड्यांवर माणसं कमी झाली होती. नळी निघाली तरी साध्या उचक्या मला राहिल्याच होत्या. तर्रीचा तिखट थेंब जिभेवर गेला की हमखास, घाईनं बोलले तरी. वजन उतरत होतं, चेहरा ओघळला होता, आणि आमच्याकडं बारीक होणाऱ्या माणसाकडं लोक आधी आजारी म्हणूनच पाहतात. जाडी होते तेव्हा खादाड, बारीक झाले तर रोगी. मला एक दिवसही नुसती मंगला म्हणून कोणी राहू दिलं नाही.

मी पदर खोचला आणि हॉटेलात गेले. धनराजच्या हातातून झारा घेतला. बिचारा गडबडला. त्याला वाटलं, नोकरी गेली. मी त्याला सांगितलं, तुझी नोकरी कुठं जात नाही, तू पोहे आणि तर्री बघ, मला आता पहिल्यासारखं उभं राहवत नाही. मग बाकड्यांवर बसलेल्या लोकांकडं वळले. बस नुकतीच लागली होती, माणसं पुष्कळ होती.

"मले कोणता लागणारा आजार नाई," मी म्हटलं. "मी पोट लहान करून घेतलं. त्याच्यानं मले उचकी लागते. ज्याले चालते त्यानं बसावं, ज्याले नाई चालत त्याच्यासाठी समोर दुकान आहे, तिथला बोंडाही चांगला आहे."

एवढं बोलेपर्यंत दोनदा उचकी लागली. कोणी हसलं, दोघं उठून गेले, बाकीच्यांनी प्लेटा पुढं केल्या. त्यानंतर मी कढई सोडली नाही.

एक गोष्ट मात्र सोडावी लागली आणि ती अजून सलते. तर्रीची चव. सगळी वर्षं सकाळची पहिली तर्री मी तळहातावर घेऊन चाखायची. मीठ, तिखट, चणा किती शिजला, सगळं एका थेंबात कळायचं. पुष्कळ प्रयत्न केले. थेंब जिभेवर ठेवून मोरीत टाकून पाहिला, पोळीच्या तुकड्याला लावून पाहिला. उचक्यांनी छाती भरून यायची. शेवटी चव धनराजकडं दिली. तो चांगली करतो. माझ्यासारखी करत नाही, वेगळी करतो. गिऱ्हाईक म्हणतात, पहिलेपेक्षा झणझणीत झाली. मी ऐकून घेते.

उचकीशी निभावायचा बाकी सगळा उपाय सिस्टरनं सांगितला तोच होता. बसून खायचं. घास बारीक, चावून चावून त्याचं पाणी होईपर्यंत. जेवताना प्यायचं नाही, सोडा आणि थंडा तर कधीच नाही. आणि पहिली उचकी आली की हात थांबवायचा. सांगायला सोपं आहे. बसा चौकात उभ्या असताना, भट्टी पेटलेली असताना, एक बाई मधोमध बसून वाटीभर खिचडी इतक्या सावकाश खाते, हे कोणत्या हॉटेलात चालतं? पहिले काही महिने मी मागच्या बाजूला, पोत्यांच्या आड बसून खायची. तिथंही हाक आली की घास गिळून उठायची, आणि मग उचक्या देत तळायची. दोनदा उलटी झाली. धनराज म्हणाला, काकू, असं केलं तर पुन्हा दवाखाना आहे. ते मलाही समजत होतं.

मग एका पोळ्याच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. सगळीकडून बाजाराची गर्दी होती. मी माझी वाटी घेतली, पोत्यांच्या मागं गेले नाही. पुढच्या बाकड्यावर, गिऱ्हाइकांच्या मधे, पाय खाली सोडून बसले आणि जेवायला सुरुवात केली. चंद्रपूरची बस येऊन लागली. माणसं उतरली, ओट्यापाशी दाटी झाली. धनराज एकटा तळत होता. "काकू कुठं आहे", "बोंडे कधी देता", असा गलका सुरू झाला. मी घास चावत होते.

भासरे आपल्या दुकानातून धावत आले. ते ह्यांना म्हणाले, की तिला उठव, गिऱ्हाईक चाललं, लोक हसून राह्यले.

हे गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, माझ्याकडं येतात. ते भावासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता, आणि तो मोठाही नव्हता.

"दादा, ते उठनार नाई. त्या दिवशी गाडीत मी बोललो नाई, तिले एकटीले बोलाव लागलं. आता मी बोलून राह्यलो. तिचं जेवण होऊ द्या. तुम्ही जरा गल्ल्यावर बसा, मी लोकाइले वाढतो."

भासरे तसेच उभे राहिले. ह्यांनी प्लेटा उचलल्या आणि ओट्याकडं गेले; त्यांना वाढायची सवय नव्हती, पहिल्याच प्लेटीतून तर्री सांडली. मी मान वर करून भासऱ्यांकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते, माझ्या वाटीकडं पाहत होते. तिच्यात मूठभर खिचडी होती. मला वाटतं, तोंड आवरायला सांगणाऱ्या त्या माणसानं मी काय खाते आणि किती खाते, ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असेल. मग ते गल्ल्यामागं जाऊन बसले.

बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दाटीतून एक माणूस पुढं आला आणि गल्ल्यावर हात आपटून म्हणाला, की ती बाई नुसती बसून काय आहे, तिला तळायला लावा.

भासऱ्यांनी त्याच्याकडं वर पाहिलं. "थांबा जरासे," ते म्हणाले. "ते जेवून राह्यली."

मी तोंडातला घास सावकाश गिळला आणि पुढचा उचलला.